टीबीच्या नोंदी, निक्षय आयडी आणि कार्ड: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबीच्या कामात रजिस्टर भरण्यात माझी बरीच वर्षं गेली, आधी कागदावर आणि मग कागद व संगणक दोन्हीवर. खालचे प्रश्न रुग्णांनी, त्यांच्या घरच्यांनी, गल्लीतल्या डॉक्टरांनी, मेडिकलवाल्यांनी आणि आशाताईंनी विचारलेले आहेत. क्रम लावत बसलो नाही, आठवतील तसे लिहिले आहेत.

मी खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेतोय. मग माझं नाव सरकारकडे कशाला?

कारण तसा नियम आहे. मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण शासनाला कळवणं बंधनकारक आहे. २०१८ च्या राजपत्रात तो नियम आणखी कडक झाला. डॉक्टर, दवाखाने, लॅब आणि मेडिकल दुकानं सगळे त्यात आले, आणि न कळवणाऱ्यावर भारतीय दंड विधानाच्या कलम २६९ आणि २७० खाली कारवाईची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर हीच कलमं २७१ आणि २७२ झाली.

लोकांची खरी भीती वेगळीच असते. नाव गेलं की सिव्हिलच्या रांगेत उभं राहावं लागणार, असं त्यांना वाटतं. तसं काही नाही. डॉक्टर तुमचेच राहतात. नोंद झाली की सरकारी तपासण्या आणि गोळ्या फुकट मिळण्याची वाट तेवढी उघडते. घ्यायच्या की नाही, ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा.

निक्षय आयडी म्हणजे काय?

निक्षय ही टीबी रुग्णांची देशभराची ऑनलाइन नोंदवही. ती २०१२ मध्ये सुरू झाली. तुमचं नाव तिच्यात चढलं की एक क्रमांक मिळतो, तोच निक्षय आयडी. बेडका तपासायला पाठवतानाच, म्हणजे टीबी आहे की नाही हे ठरायच्या आधीच, हा क्रमांक पडतो. म्हणून आयडी मिळाला याचा अर्थ टीबी झाला असा धरू नका. एका मावशींनी एवढ्यावरूनच दोन दिवस जेवण सोडलं होतं, आणि रिपोर्ट आला तर निगेटिव्ह.

क्रमांक जपून ठेवा. मी सगळ्यांना तो बँक पासबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहायला लावतो. मोबाईल बदलतो, पाण्यात पडतो, पोरं मेसेज उडवतात. पासबुक मात्र सोलापुरातल्या बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाच्या शेजारी सापडतंच. लिहून झालं की एकेक आकडा मोठ्याने वाचून पडताळा. दोन आकडे उलटसुलट झाले तर समोर दुसऱ्याच कुणाची तरी माहिती उघडते.

नोंदीत काय काय लिहितात? इतके प्रश्न कशाला?

नाव, वय, पत्ता, फोन. टीबी फुफ्फुसाचा की दुसरीकडचा, म्हणजे गाठीचा, मणक्याचा, पोटाचा. बेडक्याची तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतू शोधणाऱ्या मशीनवर झाली का, कोणत्या तारखेला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात का. एचआयव्ही आणि साखर. तंबाखू, दारू. बँक खातं. घरात कोण कोण राहतं. रोजच्या गोळ्या. आणि शेवटी उपचाराचा निकाल.

यातल्या दोन गोष्टींबद्दल मी हटून बसतो.

पहिली, वजन. गोळ्या वजनावर ठरतात: मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ किलोला ४. त्यामुळे "अंदाजे पन्नास लिहा की" हे चालत नाही. सत्तेचाळीस किलोचा माणूस अंदाजाने पन्नास झाला की रोज एक गोळी जास्त जाते. उपचार सुरू असताना वजन वाढलं आणि गट ओलांडला तर गोळ्याही बदलतात, म्हणून दर महिन्याला काटा.

दुसरी, "याआधी कधी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या का?" या प्रश्नाला जितकं खोटं उत्तर मिळतं तितकं दुसऱ्या कशालाच मिळत नाही. पूर्व भागातले एक अण्णा, मागावर काम करणारे, तीनदा "नाही" म्हणाले. त्यांच्या घरी गेलो तर ट्रंकेवर एक लाल खोका, आत सुया, दोरे, बटणं. तो खोका मी लांबूनच ओळखला. दिवसाआड गोळ्या द्यायच्या जुन्या डॉट्स पद्धतीत नव्या रुग्णाच्या नावाने जो औषधाचा खोका यायचा, तोच. पुन्हा उपचार घेणाऱ्याचा निळा असायचा. अण्णांची अर्धी औषधं तेव्हा राहिली होती आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. ज्याने आधी गोळ्या खाऊन मधेच सोडल्या, त्याच्या जंतूंनी औषधाला दाद न देण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टरांना ते पहिल्या दिवशी माहीत असायला हवं. रागवायला नव्हे, तपासणी कुठपर्यंत न्यायची ते ठरवायला.

माझ्या नावाची दोन-दोन नोंद कशी झाली?

सोलापुरात हे फार होतं. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात, आणि निक्षयमध्ये नाव इंग्रजी अक्षरांत भरतात. नरसम्मा हे एकच नाव घ्या. एका 'एस'ने लिहा, दोनांनी लिहा, शेवटी एक 'एम' कमी करा, झाल्या तीन बायका. त्यात माहेरचं आडनाव आधारवर, सासरचं रेशन कार्डावर. अक्कलकोटकडून येणाऱ्या माणसाचं नाव मल्लिकार्जुन, गावात मल्लू, दवाखान्याच्या केसपेपरवर मलिक. लॅबवाल्याने ऐकलं तसं लिहिलं, दवाखान्याने त्यांच्या कागदावरचं लिहिलं, आणि एकाच खोकल्याचे दोन रुग्ण तयार.

नुकसान रुग्णाचंच होतं. तपासणीचा रिपोर्ट एका आयडीवर आणि गोळ्या दुसऱ्यावर. पैसे तिसरीकडेच अडकतात.

म्हणून नाव पासबुकावर आहे तसंच, अक्षर न अक्षर लावून लिहा. हाक मारायचं नाव वेगळं विचारा आणि उपचार कार्डाच्या, म्हणजे रोजच्या गोळ्यांच्या खुणा करायच्या कार्डाच्या, कोपऱ्यात पेन्सिलीने टिपा. घर शोधताना कामाला तेच येतं. गल्लीत मल्लिकार्जुन कुणाला माहीत नसतो. नवी नोंद करायच्या आधी फोन नंबर टाकून शोधा. डबल नोंद सापडली तर स्वतः काही उडवू नका. टीबी युनिटच्या एसटीएसना, म्हणजे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांना, दोन्ही आयडी कळवा.

खुराकाचे पैसे अजून आले नाहीत. कुठे अडकले?

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचाराला ६,००० रुपये, ३,०००च्या दोन हप्त्यांत: पहिला निदान होऊन नोंद झाल्यावर, दुसरा ८४ दिवसांचे उपचार झाल्यावर. रक्कम थेट खात्यात येते. हातात रोख कुणी देत असेल किंवा "मी काढून देतो" म्हणून ओटीपी मागत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

अडकायची कारणं बहुतेक साधी असतात. खात्यावरचं नाव आणि निक्षयवरचं नाव जुळत नाही. जनधन खातं व्यवहार नसल्याने बंद पडलंय. २०१९–२० मध्ये बँकांची विलीनीकरणं झाली आणि आयएफएससी बदलले, पण पासबुक अजून जुनंच. मागे एका रुग्णाचे पैसे पाच महिने लटकले होते. कारण शोधलं तर खाते क्रमांकातलं एक शून्य गाळलेलं, आणि ते गाळणारा मीच होतो. त्या दिवसापासून खाते क्रमांक मी ऐकून लिहीत नाही. पासबुकाचं पहिलं पान समोर पाहिजे.

नोंद केली की शेजाऱ्यांना, मालकाला, सोयरिकीत कळेल का?

नोंदीतून कळता कामा नये. माणसांच्या वागण्यातून मात्र कळतं, म्हणून हे उत्तर रुग्णांपेक्षा माझ्या सोबत्यांसाठी जास्त आहे.

विडी कामगारांच्या वस्तीत एका घरी गेलो होतो. उंबऱ्याशी चौघी बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हात थांबत नाहीत. मी विचारलं, अमुक अक्का इथेच राहतात का? चौघींनी एकदम वर पाहिलं. त्यांच्यातलीच एक मला पाहून हळूच म्हणाली, "रेशनचं काम आहे ना तुमचं? आत या." आत आल्यावर तिने कॅलेंडरच्या मागून उपचार कार्ड काढलं. त्यावर फोन नंबर लिहिलेला कोपरा तिने फाडून टाकला होता. मुलीचं जमवायचं होतं. खोकल्याचं काय सांगता विचारलं, तर म्हणाली, "तंबाखूचा खाट लागतो म्हणते. सगळ्याच खोकतात."

तेव्हापासून पहिल्या भेटीतच विचारतो: घरी आलो तर चालेल का, नाहीतर कुठे भेटू? फोन कोण उचलतं? काय काम आहे म्हणून सांगू? ही उत्तरंही नोंदच आहेत, फक्त ती माझ्या डायरीत राहतात. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायची आणि ओळखपत्र खिशात ठेवायचं.

रुग्णांच्या याद्यांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय सगळ्यात वाईट. ग्रुपात चाळीस जण, त्यातले दहा बदली होऊन गेलेले, आणि यादीत नाव, पत्ता, फोन, आजार. काम अडत असेल तर फक्त आयडी पाठवा, नाव नको. एचआयव्हीची माहिती तर कुणालाच नाही. तिच्या गुप्ततेसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. माहिती अधिकारात कुणी रुग्णांची नावं मागितली तर कलम ८(१)(जे) दाखवा. आकडे द्या, नावं देऊ नका.

निक्षय मित्र योजना सप्टेंबर २०२२ मध्ये आली. पोषण आहाराची किट देणारे दाते मिळाले, चांगलं झालं. पण किट घेताना फोटो काढून स्टेटसला ठेवणं कुठल्या नियमात बसतं? रुग्णाची संमती मदत घेण्यासाठी असते. चेहरा दाखवायला त्याने हो म्हटलेलं नसतं. तुम्ही रुग्ण असाल आणि फोटो नको असेल तर "नको" म्हणा. किट तरीही तुमचंच आहे.

ऊसतोडीला / पुण्याला / कर्नाटकात जायचं आहे. नाव पुन्हा घालावं लागेल का?

नाही. आयडी तोच राहतो, फक्त निक्षयवर तुमची बदली करायची. देशभर एकच पोर्टल असल्याने अक्कलकोटचा माणूस कलबुर्गीला किंवा विजयपूरला गेला तरी त्याची नोंद तिथे उघडते.

कागदावर हे सोपं आहे. खरी गोची हंगामाची. कारखाने दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा महिन्यांचा कोर्स नेमका त्यातच बसतो. शिवाय टोळी एका फडावर टिकत नाही. रुग्ण "माळशिरसकडं" असं सांगतो, म्हणजे पंचवीस गावं झाली. म्हणून जायच्या आठ दिवस आधी सांगा. जाताना चार गोष्टी सोबत हव्यात: पुरतील इतक्या गोळ्या, कार्ड, आयडी, आणि मुकादमाचा नाही तर टोळीतल्या विश्वासाच्या माणसाचा नंबर. इकडच्या माणसाने बदलीचं बटण दाबून हात झटकू नयेत. तिकडच्या एसटीएसला फोन करावा आणि रुग्ण पोचला का ते विचारावं. पोर्टलवर बदली झालेला पण प्रत्यक्षात कुठेच न पोचलेला रुग्ण मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे.

वारीला जाताय? दिवस मोजून गोळ्या घ्या, एवढंच. बदली नको.

आम्ही झोपडपट्टीतून रे नगरला राहायला गेलो. आता आमचं केंद्र कोणतं?

रे नगर कुंभारीत, म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. महापालिका हद्दीतले रुग्ण शहर क्षयरोग अधिकाऱ्यांकडे, हद्दीबाहेरचे जिल्हा क्षयरोग केंद्राकडे, अशी वाटणी आहे. पत्ता बदलला तर नोंदीतही बदलून घ्या. काम अजून शहरात असेल आणि गोळ्या शहरातूनच घ्यायला सोयीचं असेल तर तसं सांगा. राहतो कुठे आणि गोळ्या घेतो कुठून, हे दोन्ही वेगवेगळं नोंदवता येतं.

कार्ड हरवलं.

आयडी किंवा फोन नंबर घेऊन या, नवीन मिळेल. रागावणार नाही कुणी.

माझ्या कार्डावर 'बरा' न लिहिता 'उपचार पूर्ण' लिहिलंय. म्हणजे मी बरा झालो नाही का?

झालात. हा शब्दांचा खेळ वाटतो, पण फरक आहे. सुरुवातीला बेडक्यात जंतू सापडले होते आणि शेवटच्या तपासणीत ते नाहीत असं दिसलं, तर 'बरा'. कोर्स नीट पूर्ण केला, बिघाडाची लक्षणं नाहीत, पण शेवटी बेडका तपासला गेला नाही किंवा तपासण्यासारखा नव्हता, तर 'उपचार पूर्ण'. गाठीच्या किंवा मणक्याच्या टीबीत बेडका कुठून आणणार?

म्हणून फुफ्फुसाच्या रुग्णांना सांगतो, शेवटच्या तपासणीला टाळाटाळ करू नका. "आता खोकलाच नाही तर बेडका कसा येणार" हे खरं असतं. तरी सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, खोल श्वास घेऊन प्रयत्न करा.

मधे गोळ्या सोडल्या तर नाव काळ्या यादीत जातं का?

अशी यादी नाही. पूर्वी 'डिफॉल्टर' म्हणायचे, तो शब्द आता वापरत नाहीत आणि बरंच झालं. कर्जबुडव्यासारखं वाटायचं. सलग महिना किंवा जास्त उपचार तुटले तर 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशी नोंद होते. चार-आठ दिवस चुकले असतील तर आजच या. महिना उलटला असला तरी आजच या. किती दिवस चुकले ते खरं सांगा.

रोजच्या गोळ्यांची नोंद कुणी करायची?

उपचार सहाय्यकाने, म्हणजे आशाताई, शेजारी किंवा घरचं कुणी, जो तुमच्यासमोर बसून गोळी घेताना बघतो त्याने. आणि त्याच दिवशी.

खरं कार्ड बघितलं की कळतं. एक खूण निळी, एक काळी, एकावर चहाचा डाग, एक चुकून पुढच्या चौकटीत जाऊन खोडलेली. खोटं कार्डही लगेच कळतं: तीसच्या तीस खुणा एकाच पेनाने, एकाच तिरकसपणात, महिनाअखेरीस बसून मारलेल्या. एका ठिकाणी मला असं कार्ड दाखवलं होतं आणि रुग्णाच्या घरी गोळ्यांच्या अकरा पट्ट्या न फोडलेल्या सापडल्या. पोर्टलवर त्याचं कॅलेंडर मात्र हिरवंगार. गोळी चुकलेली दिसली असती तर तिसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याच्या दारात गेलं असतं.

टीबीच्या रुग्णामुळे आमच्या गावाचा 'टीबीमुक्त ग्रामपंचायत' पुरस्कार जाईल का?

हा प्रश्न सरपंचांचा. निकष नीट वाचा: हजार लोकसंख्येमागे एक किंवा त्याहून कमी रुग्ण, पण त्याच वेळी हजारामागे किमान ३० संशयितांची तपासणी झालेली हवी. शिवाय उपचारांचं यश, पोषणाचे पैसे पोचणं हेही बघतात. "त्याला पुण्याचा पत्ता लावा" असं मला एकदा सुचवण्यात आलं होतं. लावला नाही. तो माणूस पुण्यात असल्याचं दाखवलं असतं तर त्याच्या घरातल्या लहान पोरांना तपासायला कुणी गेलं असतं?

घरच्यांची नावं का लिहून घेता?

एकत्र राहणाऱ्यांना लागण झालेली असू शकते म्हणून. तपासून टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधात्मक गोळ्या देतात: रोज एक याप्रमाणे सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा असे १२ डोस. त्यांचीही नोंद निक्षयवर होते, पण रुग्ण म्हणून होत नाही.

मेडिकल दुकानदाराने काय लिहायचं?

टीबीची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर लागतं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. हे रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठीशिवाय देऊ नका. रुग्णाचा फोन नंबर तेवढा जास्तीचा लिहिलात तर आमच्यावर उपकार होतील.

खाजगी डॉक्टरांना नोंदीचं काही मिळतं का?

कळवल्याबद्दल ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्याबद्दल ५०० रुपये. पहिले बहुतेक जण घेतात, निकाल मात्र कळवायचा राहून जातो आणि नोंद वर्षभर उघडीच लटकते.

दवाखान्यातून माझे कागद मागता येतात का?

येतात. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायला हवेत, आणि भरती झालेल्या रुग्णांचे कागद तीन वर्षं जपायला हवेत. एक्स-रेची फिल्म मात्र तुम्हीच सांभाळा. गादीखाली नको, वाकते. आणि तिची घडी तर मुळीच घालू नका. शंका असेल तर निक्षय संपर्कचा टोल फ्री नंबर १८००-११-६६६६ आहे, मराठीत बोलता येतं.

बरा झालो. आता माझं नाव काढून टाका ना?

नाव काढत नाहीत, नोंद बंद होते. त्यानंतरही ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तब्येत विचारायला कुणीतरी फोन करेल, तेवढं उचला.

पोलीस भरतीला जाणारा एक मुलगा हेच मागायला आला होता, नाव पुसा म्हणून. त्याला म्हटलं, छातीच्या एक्स-रेवर जुना डाग राहिलाय, तो कसा पुसू? डॉक्टर विचारतील हा डाग कशाचा, तेव्हा तुझ्या हातात काय असेल? मग त्याला बंद झालेल्या नोंदीचा कागद काढून दिला: निदानाची तारीख, कोर्सची तारीख, शेवटचा बेडका निगेटिव्ह, निकाल 'बरा'. त्याने तो दोनदा वाचला, समोरच्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढल्या, आणि मूळ कागद घडी न घालता फाईलमध्ये ठेवला.